बडोद्याच्या जुन्या इमारतींची पोस्टकार्डं जमवायचीत? आधी एकच इमारत धरा

दर चार-सहा महिन्यांनी कुणीतरी ओळखीचं विचारतंच, अरे तुझ्याकडे ती राजवाड्याची जुनी कार्डं आहेत ना, मलाही असलं काहीतरी जमवायचंय, कुठून सुरू करू. प्रत्येकाला तेच तेच तोंडी सांगून कंटाळा आला म्हणून एकदाचं लिहूनच काढतो. सुचेल तसं लिहिलंय, क्रमबिम फार बघू नका.

माझं कसं सुरू झालं ते आधी. दांडिया बाजारात आमच्या आत्याचं जुनं घर होतं, ते पाडायचं ठरलं तेव्हा माळा रिकामा करायला मला आणि आतेभावाला बोलावलं. धुळीने नुसते शिंकून शिंकून बेजार. एका पत्र्याच्या पेटीत लग्नपत्रिका, हिशेबाच्या वह्या, एक मोडका अडकित्ता आणि तळाशी न्यायमंदिराचं, म्हणजे बडोद्याच्या जुन्या कोर्टाच्या इमारतीचं, चित्र असलेलं पोस्टकार्ड, एक कोपरा उंदराने खाल्लेला. मागे मोडीत पाच ओळी. आम्हाला कुणालाच मोडी येईना, आत्या म्हणाली इस्टेटीचं काही असेल हो, जपून ठेव. पुढे ओळखीच्या एका काकांनी वाचून दिलं तर काय, पापड पोचले, लोणच्याची बरणी वाटेत फुटली, धाकटीचा ताप उतरला, उत्तर पाठवणे. संपलं. इस्टेट नाही नि काही नाही, पण मी मात्र त्या दिवसापासून कामातून गेलो.

आता मुद्द्याचं. नवीन माणूस पहिली चूक करतो ती म्हणजे दिसेल ते घेतो. ताजमहाल घेतो, म्हैसूर घेतो, कुठलं तरी उटीचं स्टेशन घेतो, वर्षभराने दोनशे कार्डं होतात आणि त्यातून काही म्हणजे काही कळत नाही. मीही हेच केलं. तेव्हा माझं ऐकाल तर एकच इमारत धरा, आणि तिची जितकी वेगवेगळी कार्डं मिळतील तितकी घ्या. शेजारी शेजारी ठेवलीत की कार्डं बोलायला लागतात बघा. माझ्याकडे न्यायमंदिराची नऊ आहेत. एकात समोर नुसती माती आणि एक बैलगाडी, दुसऱ्यात तीच जागा पण टांगे उभे, तिसऱ्यात झाडं एवढी वाढलीत की खालच्या कमानी अर्ध्या झाकल्या गेल्यात. आणि दोन कार्डं तर एकाच फोटोवरून छापलेली, फक्त एकात कोपऱ्यातला छत्रीवाला माणूस आहे आणि दुसऱ्यात तो चक्क पुसून टाकलाय! का पुसला देव जाणे. हे एकेकटं कार्ड बघून कधीच कळलं नसतं.

कुठली इमारत धरायची? लक्ष्मी विलास पॅलेस सगळ्यात सोपा, कारण १८९० ला तो बांधून झाल्यावर जो कोणी गोरा पाहुणा बडोद्याला आला त्याला घरी पाठवायला तेच कार्ड सापडायचं, त्यामुळे ती भरपूर छापली गेली आणि आजही त्यातल्या त्यात स्वस्त मिळतात. मेजर चार्ल्स मांटने आराखडा केला, तो १८८१ मध्ये वारला आणि पुढचं काम रॉबर्ट चिझमने पुरं केलं, ही गोष्ट विकणारा प्रत्येक जण सांगतो आणि सांगितली की भाव वाढवतो, तेव्हा आधीच माहीत असू द्या. कामाटी बागेतलं म्युझियम आणि बडोदा कॉलेजचा मोठा घुमट, तोच आपला आर्ट्स फॅकल्टीचा, हे मधल्या अडचणीचे. कॉलेजच्या कार्डाला अलीकडे जरा जास्त भाव सांगतात कारण श्री अरविंद १८९३ ते १९०६ बडोद्यात होते आणि तिथे शिकवायचे, मग विकणारा म्हणतो साहेब हे अरविंदांचं कार्ड आहे. अहो अरविंदांचं कसलं, घुमटाचं आहे! मकरपुरा पॅलेस, नजरबाग ही अवघड. नजरबाग तर पाडलाच गेला, म्हणून त्याच्या कार्डाला हात लावला की समोरचा एकदम भावुक होतो आणि आकडा सांगतो. सोन्या-चांदीच्या तोफांची, बैल जोडलेली कार्डं येतात तीही महाग, पण ती काही इमारत नव्हे, मोहात पडू नका. मी पडलोय, म्हणून सांगतोय.

एक गोंधळ आधीच मिटवतो. जुनं पोस्टकार्ड म्हटलं की निम्मे लोक सरकारी साधं कार्ड दाखवतात, तिकीट छापलेलं, आपलं पाव आण्याचं. ते १ जुलै १८७९ पासून आहे आणि त्याचा शौक वेगळा. आपल्याला हवं ते चित्राचं कार्ड, एका बाजूला फोटो किंवा छपाई आणि दुसऱ्या बाजूला पत्ता. साईज साधारण साडेपाच बाय साडेतीन इंच. सहा बाय चारचं दिसलं की समजा बहुतेक अलीकडचं आहे. छोटी फूटपट्टी खिशात ठेवा, लोक हसतील, हसू द्या.

वय कसं ओळखायचं हा माझा सगळ्यात आवडता भाग, तेव्हा इथे जरा लांबण लागेल. कार्ड हातात आलं की चित्र नंतर बघा, आधी उलटं करा. मागच्या बाजूला मधोमध उभी रेघ नसेल, सगळी बाजू फक्त पत्त्यासाठी असेल, तर ते बऱ्यापैकी जुनं, कारण तेव्हा मजकूर चित्राच्याच बाजूला कडेला कोंबून लिहावा लागायचा. रेघ मारून अर्ध्यात मजकूर, अर्ध्यात पत्ता याला ब्रिटनने १९०२ मध्ये परवानगी दिली, जर्मनीने १९०५, अमेरिकेने १९०७. म्हणून चित्राच्या आकाशात शाईने गिचमीड लिहिलेलं दिसलं तर नाक मुरडू नका, तेच तर हवंय.

मग तिकीट. एडवर्डचा दाढीवाला चेहरा असेल तर १९०२ च्या पुढचं, पंचम जॉर्ज १९११ पासून १९३० च्या दशकापर्यंत, आणि तिकिटावर नवे पैसे आले की १९५७ नंतरचं. आणि हो, बडोदा संस्थानाची स्वतःची पोस्टाची तिकिटं नव्हतीच, ग्वाल्हेर-इंदूरसारखं आपल्याकडे नव्हतं. त्यामुळे कुणी बडोदा स्टेटचं तिकीट लावलेलं दुर्मिळ कार्ड म्हणून काही दाखवलं तर नीट बघा, बहुतेक कोर्ट फीचं नाहीतर दस्तऐवजावरचं तिकीट उचकटून चिकटवलेलं असतं.

पत्त्यातूनही कळतं. बडोदा, बॉम्बे स्टेट असं छापलेलं असेल तर १९४९ ते १९६० मधलं, कारण संस्थान १ मे १९४९ ला मुंबई राज्यात गेलं आणि १ मे १९६० ला गुजरात झालं. पिनकोडचे सहा चौकोन असतील तर १९७२ नंतरचं. बडोद्याऐवजी वडोदरा छापलेलं असेल तर १९७४ च्या आसपास किंवा पुढचं, तेव्हा नाव अधिकृत बदललं. आपण घरी अजून बडोदाच म्हणतो ती गोष्ट वेगळी.

आणि इमारतच कधीकधी खोटं पकडून देते. कीर्ती मंदिर १९३६ चं, त्याच्या कार्डावर मागे पेन्सिलने १९१० लिहिलेलं मला एकाने दाखवलं होतं, मी काही बोललो नाही, नुसतं परत ठेवलं. खंडेराव मार्केट १९०६ चं. न्यायमंदिर १८९६ चं. म्युझियमची मूळ इमारत १८९४ ची पण शेजारच्या पिक्चर गॅलरीचं बांधकाम १९०८ ला सुरू होऊन १९१४ ला संपलं आणि उघडली ती थेट १९२१ मध्ये, पहिल्या महायुद्धामुळे युरोपातून चित्रं यायला उशीर झाला म्हणून. म्हणजे कार्डात गॅलरीची पूर्ण इमारत दिसत असेल तर फोटो १९१४ च्या आधीचा असूच शकत नाही. उलटं मात्र धरू नका, दिसत नसेल तर फोटोग्राफरने कॅमेरा तिकडे वळवलाच नसेल. तसंच सूरसागरच्या मधोमध महादेवाची भलीमोठी मूर्ती उभी असेल तर ते कार्ड काही तुमच्या पणजोबांच्या काळचं नाही.

पोस्टाचा शिक्का म्हणजे कार्ड टाकल्याची तारीख, फोटोची नव्हे, हेही लक्षात असू द्या. छापखानेवाले एक फोटो दहा-दहा वर्षं दामटायचे.

आता नकली माल. सोनाराकडे किंवा घड्याळजीकडे डोळ्याला लावायचं भिंग असतं ना, दहा पटीचं, ते घ्या, या छंदात पैसे घालायचेच तर पहिले तिथे घाला. त्यातून कार्ड बघितलं की तीन प्रकार दिसतात. एक, बारीक ठिपके एका ओळीत, जाळीसारखे, वर्तमानपत्रातल्या फोटोत असतात तसे, ही साधी छपाई आणि ती जुन्या कार्डांवर असतेच, घाबरू नका. दोन, ठिपके नाहीत पण सुरकुतल्यासारखी बारीक दाणेदार नक्षी, याला कोलोटाइप म्हणतात, जुनी चांगली छपाई, बरीचशी जर्मनीत व्हायची. तीन, ठिपकाही नाही दाणाही नाही, काळ्याचं करडं अगदी सरळ होत जातं, हा खरा फोटो, फोटोच्या कागदावर काढलेला, आणि जुना असेल तर तिरका धरल्यावर काळ्या भागात चंदेरी झाक मारतो. आणि जर रंगीत ठिपके वाट्टेल तसे विखुरलेले दिसले, काळ्या भागातसुद्धा निळे-गुलाबी-पिवळे ठिपके, तर तो आपला घरचा इंकजेट प्रिंटर. नमस्कार करून निघा.

मी भिंग न नेता एकदा दुसऱ्या शहरात गेलो होतो, एका दुकानदाराकडे नजरबागचं खरं फोटो-कार्ड म्हणून मिळालं, अठराशे रुपये मोजले, घरी येईपर्यंत ट्रेनमध्ये चार वेळा काढून बघितलं एवढा खूश होतो. रात्री भिंग लावलं तर ठिपकेच ठिपके. तरी मन मानेना, म्हणून नोटा तपासायची जांभळी टॉर्च असते ती मारली, कागद पांढराशुभ्र निळसर चमकला. जुना कागद तसा चमकत नाही, कागद उजळ दिसावा म्हणून ते रसायन घालायला लागले ते साधारण १९५० नंतर. कडा चहाच्या पाण्याने पिवळ्या केल्या होत्या बहुतेक. ते कार्ड अजून ठेवलंय, टेबलाच्या काचेखाली, स्वतःला आठवण म्हणून.

रंगांवरही विश्वास ठेवू नका बरं का. रंगीत छापलेली जुनी कार्डं मुळात काळ्या-पांढऱ्या फोटोवर रंग चढवून केलेली असायची आणि रंग भरणाऱ्याने बडोदा जन्मात बघितलेलं नसायचं. माझ्याकडे एकाच घुमटाची दोन कार्डं आहेत, एकात घुमट गुलाबी आहे आणि दुसऱ्यात हिरवट, आणि दोन्हीकडे आकाश असं की बडोद्यात मे महिन्यात असं आकाश दिसलं तर मी पार्टी देईन.

कुठे मिळतात? गंमत म्हणजे बडोद्याची कार्डं बडोद्यातच कमी मिळतात. कारण सरळ आहे, ती इथून बाहेर पाठवण्यासाठीच होती. ज्यांनी विकत घेतली त्यांनी इंग्लंडला, जर्मनीला टाकली, ती तिकडच्या कुणाच्या तरी आजीच्या अल्बममध्ये राहिली आणि आता तिकडूनच विकायला येतात, ईबेवर, डेलकॅम्पवर. तिथे शोधताना एक युक्ती, स्पेलिंग बदलून बदलून शोधा. लक्ष्मी हे एक्सने लिहा, के-एस-एचने लिहा, विलासला व्ही आणि डब्ल्यू दोन्ही लावून बघा, गायकवाडच्या शेवटी डी ऐवजी आर लावा कारण इंग्रज गायकवार म्हणायचे, आणि जुनं जी-यू-आयने सुरू होणारं स्पेलिंगही टाका. माझी दोन चांगली कार्डं निव्वळ विकणाऱ्याच्या चुकीच्या स्पेलिंगमुळे मिळालीत, दुसऱ्या कुणाला ती सापडलीच नव्हती. पोस्टेजचा खर्च मात्र आधी बघा, कार्ड चार पौंडांचं आणि टपाल नऊचं असं होतं, मग एकाच विकणाऱ्याकडून चार-पाच एकदम घ्यायची. क्लिफ्टन आणि कंपनी मुंबईची, राफेल टक लंडनची, असे प्रकाशक कार्डावर छापलेले दिसतील, ती नावं लिहून ठेवा, नावाने शोधलं तरी माल निघतो.

हात लावून घ्यायचं असेल तर अहमदाबादचा ‘रविवारी’ नावाचा बाजार, पुण्याचा जुना बाजार, मुंबईत चोरबाजाराची मटन स्ट्रीट. चोरबाजारात पहिला भाव ऐकून छातीत कळ येते, थांबायचं, चहा घ्यायचा, परत यायचं.

बडोद्यात म्हणाल तर रद्दीवाले. माझा एक ठरलेला रद्दीवाला आहे, त्याला मी एकदा समजावून सांगितलं की जाड कागद, एका बाजूला फोटो, मागे तिकीट, असं काही आलं तर फाडू नकोस. तेव्हापासून तो फोन करतो, भाई, फोटावाळां कार्ड आव्यां छे. दहातले नऊ वेळा दिवाळीची ग्रीटिंग्ज निघतात. तरी जायचं आणि रिकाम्या हाताने परत यायचं नाही, काहीतरी घ्यायचंच, नाहीतर दहाव्या वेळी तो फोन करणार नाही.

आणि घराघरातून. रावपुरा, दांडिया बाजार, बाबाजीपुरा, अजून कितीतरी आपली मराठी घरं आहेत जिथे माळ्यावर पेट्या पडून आहेत. पण तिथे जाऊन पहिल्या दोन मिनिटांत कार्डांचा विषय काढलात तर संपलं, काकूंना वाटतं हा भंगार गोळा करायला आलाय किंवा त्याहून वाईट म्हणजे आमच्याकडे काहीतरी लाखाचं आहे आणि हा पाचशेत लाटतोय. आधी बसा, चिवडा खा, कोण कुठले ते सगळं होऊ द्या. मग म्हणा, काकू, मला विकत नको, नुसते फोटो काढून घेऊ का? हे मी मनापासून सांगतो, कारण पुष्कळदा नुसता फोटोही पुरतो, विशेषतः मागे त्यांच्याच घरातल्या कुणाचं अक्षर असेल तर. ते त्यांच्याच घरात राहिलेलं बरं. एका आजींनी मला फोटो काढू दिले आणि वर्षभराने स्वतःहून निरोप पाठवला की मुलगा पुण्याला नेतोय, तुला हवी तर घेऊन जा. अकरा कार्डं, आणि पैसे घेतले नाहीत, सेव-उसळ खाऊ घाल म्हणाल्या.

भाव ठरवताना कोपरे बघा, मधे घडी आहे का बघा, तपकिरी डाग बघा, तिकीट उचकटलंय का बघा. तिकीट काढून घेतलेलं कार्ड निम्म्या भावात मिळतं आणि नवीन माणसाने तीच घ्यावीत असं माझं मत, आपल्याला इमारत हवीय, तिकीट जमवणाऱ्याला तिकीट मिळालं, सगळे सुखी. एकदा नियम असा केला होता की अमुक रकमेच्या वर एक कार्ड घ्यायचं नाही. नियम मोडतोच, पण असला की निदान मोडल्याचं कळतं.

आता जपणं. जुन्या अल्बममध्ये डिंकाने चिकटवलेलं कार्ड मिळालं तर ते सोडवायला जाऊ नका. मी किटलीच्या वाफेवर धरलं होतं, कुठेतरी वाचलं होतं म्हणून, डिंक काही सुटला नाही पण चित्राचा वरचा चकचकीत थर फुगून आला, दुधावर साय येते तसा, आणि बोट लागताच राजवाड्याचा मनोराच बोटाला चिकटून आला. आता तसं काही मिळालं तर अल्बमचं पानच चारही बाजूंनी कापून कार्डासकट ठेवतो.

लॅमिनेशन अजिबात नाही. सेलोटेप नाही. मागे बॉलपेनने काही लिहायचं नाही. बाजारात जे वासाचे मऊ प्लास्टिकचे अल्बम मिळतात ते पीव्हीसीचे, त्यात दोन-तीन वर्षांत कार्ड चिकट होतं, पॉलिप्रोपिलीनची किंवा पॉलिस्टरची पाकिटं मागवा, वास येत नाही ती. पावसाळ्यात डब्यात सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि महिन्यातून एकदा उघडून बघा, कसर लागली की एका आठवड्यात कडा साफ करते.

आणि बडोद्यात राहत असाल तर डबा खालच्या कपाटात ठेवू नका, प्लीज. ३१ जुलै २०१९ ला एका दिवसात वीस इंच पाऊस पडला होता, ऑगस्ट २०२४ ला विश्वामित्री नदी पुन्हा घरात आली, लोकांच्या सोसायटीत मगरी फिरत होत्या, तिथे पोस्टकार्डाची काय कथा. माझ्या एका मित्राची पेटी दिवाणाखाली होती. कार्डं वाळवली त्याने पंख्याखाली, पण चकचकीत होती ती सगळी एकमेकांना विटेसारखी चिकटून बसली. तेव्हापासून माझा डबा लॉफ्टवर, आणि दोन्ही बाजू सहाशे डीपीआयने स्कॅन करून एक कॉपी बहिणीकडे मुंबईला.

एक वही करा, साधी फुलस्केप. प्रत्येक कार्डाला नंबर, तोच नंबर पाकिटावर. कधी घेतलं, कुणाकडून, किती दिले, प्रकाशक कोण, मागे काय लिहिलंय, सगळं. किंमत खरी लिहा, बायकोला दाखवायची वही वेगळी ठेवलीत तरी चालेल.

आणि एवढं झालं की कार्डाची झेरॉक्स खिशात घालून त्या जागेवर जा. फोटोग्राफर नेमका कुठे उभा होता ते शोधायचं. इमारतीचे दोन कोपरे धरा, एक जवळचा आणि एक लांबचा, कार्डात ते जसे एकमेकांवर येतात तसे डोळ्यांना दिसेपर्यंत मागेपुढे, डावीउजवीकडे सरकत राहा. न्यायमंदिराच्या माझ्या त्या उंदराने खाल्लेल्या कार्डासाठी मी लहेरीपुरा दरवाजाच्या बाजूला दोन रविवार असा सरकत होतो, पाणीपुरीवाला विचारायला लागला काका काय हरवलंय. जमिनीवरून काही केल्या जुळेना, कमानी फारच उंच दिसायच्या. मग लक्षात आलं की तो वर उभा होता, कुठल्यातरी पहिल्या मजल्यावर. समोरच्या एका दुकानदाराला कार्ड दाखवलं, त्याने दोनदा बघितलं, वरच्या गोडाऊनची चावी दिली. खोक्यांमधून वाट काढत खिडकीशी गेलो, झेरॉक्स वर धरली, आणि दोन्ही कोपरे बरोब्बर बसले, फक्त मधून केबलच्या बारा वायरी गेल्या होत्या.